उपोषणात पाणी चालतं

आमच्या कुत्रीचं नाव मी इथे लिहीत नाही. तिनेही ते कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं. बाबा तिला 'बाईसाहेब' म्हणायचे, आई नुसतं 'बाई', आणि मी 'कॉम्रेड'. तिन्ही हाकांना ती सारख्याच सावकाशीने यायची, म्हणजे तिला यायचं असेल तर.

ती कुठल्याच जातीची नव्हती, आणि याचा आमच्या घरात अभिमान होता. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्समध्ये, आमच्या ब्लॉकच्या जिन्याखाली तिचा जन्म झाला. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला होते, पण जीव सगळा कर्मचाऱ्यांच्या संघटनेत. संघटनेची पत्रकं तेच लिहायचे: हिंदीत, इंग्रजीत आणि पुण्या-मुंबईच्या शाखांसाठी मराठीत. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी चित्रं काढली, गणितं सोडवली आणि कंटाळा आला की पान उलटून छापील बाजू वाचली. दिल्लीत वाढलेल्या मुलांचे मराठीतले कितीतरी शब्द वाटेतच गळून पडतात. मला 'परसदार' म्हणजे काय ते माहीत नव्हतं, 'फडताळ' कशाशी खातात ते कळत नव्हतं. पण 'तीव्र निषेध', 'जाहीर धिक्कार' आणि 'बेमुदत' हे शब्द मी दुधाचे दात पडायच्या आधीपासून वापरत होते. पहिलीत असताना दुधीच्या भाजीचा मी ताटावर बसून तीव्र निषेध केला. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आईने दुधी वाढला.

अशा घरात वाढलेली कुत्री अराजकीय कशी राहील? ऑफिसच्या गेटवर सभा असली की ती बाबांच्या मागून जायची आणि पहिल्या रांगेच्याही पुढे जाऊन बसायची. 'ज़िंदाबाद' म्हटलं की भुंकायची. 'मुर्दाबाद'ला नाही. "शेवटच्या वक्त्यापर्यंत बसून राहणारी एकमेव सभासद," असं बाबा तिच्याबद्दल सांगायचे. भाषणाच्या शेवटी समोसे असतात हे तिला ठाऊक होतं, असं आईचं म्हणणं. पण आईचा स्वभावच संशयी.

घरातही सगळं रीतसर चालायचं. रविवारी पोहे खाऊन झाले की मीटिंग. आई अध्यक्ष, बाबा सचिव, मी सदस्य, आणि कॉम्रेड निमंत्रित, म्हणजे तिला बसायचा हक्क, मताचा नाही. पडदे कोणते घ्यायचे, सुट्टीत कुठे जायचं, माझे केस कापायचे की नाही, सगळ्यावर मतदान. लोकशाही घरापासून सुरू झाली पाहिजे, असं बाबा म्हणत. आई म्हणे की घरातल्या तिघांपैकी दोघे बोलके असले की लोकशाहीचं काय होतं, ते तिला विचारावं.

मग बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि आईच्या हट्टाने आम्ही गुडगावात फ्लॅट घेतला. नव्या अर्थव्यवस्थेविरुद्ध बाबांनी इतकी पत्रकं लिहिली होती की तिच्याच अंगणात राहायला जाताना ते सामानाच्या ट्रकमध्ये तोंड लपवून बसले. आमच्या बाल्कनीतून एकीकडे मोहरीचं शेत आणि म्हशी दिसायच्या, दुसरीकडे एक काचेची बिल्डिंग, जिच्यात माझ्या वयाची मुलं अमेरिकेतल्या लोकांशी बोलायला जात. मध्ये आमची सोसायटी: गेट, फवारा, चोवीस तास धडधडणारा जनरेटर. "शत्रूच्या प्रदेशात राहून काम करायचं," असं बाबांनी पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवून टाकलं. आईने त्याला अनुमोदन देऊन गॅस सुरू केला.

काम पहिल्याच दिवशी सापडलं. लिफ्टशेजारी पितळी अक्षरांचा बोर्ड होता: 'नौकर, सामान और कुत्ते इस लिफ़्ट का प्रयोग न करें.'

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. एका वाक्यात माणूस, कपाट आणि जनावर, आणि क्रमही असा की माणसाला वाटावं आपला नंबर पहिला लागला! या तिघांसाठी मागच्या बाजूला दुसरी लिफ्ट होती. ती बहुतेक वेळा बंद असायची. मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या दीदींनी चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढायचा, आणि म्हाताऱ्या कुत्रीनेही. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं आणि सगळ्या दारांखालून सरकवलं. उत्तर एकच आलं, सोसायटीच्या सेक्रेटरींचं. हे एक निवृत्त कर्नल होते. मिशा टोकदार, आवाज परेडचा. जिन्यात गाठून म्हणाले, "बेटा, लिखती अच्छा हो. मगर रूल इज़ रूल."

"अंकल, रूल बदलते भी हैं."

"बिल्कुल. एजीएम में. मार्च में आना."

दिवाळीपर्यंत कॉम्रेड कुरकुर न करता जिने चढली. डोळ्यांत तिच्या निळसर धुकं आलं होतं, तोंड पांढरं झालं होतं, हाक मारली तर पहिल्या हाकेला कान हलेनासा झाला होता. तो मतभेद असावा, असं बाबा म्हणायचे. दिवाळीनंतर मात्र ती एक दिवस फिरून आली आणि पहिल्या पायरीशी बसली. मी ओढलं, उठली नाही. नजर लिफ्टकडे.

अंगावर काटा आला माझ्या. मी तिला उचलून वर नेलं, दारातूनच ओरडले, "बाबा! ती बसली!"

"कुठे?"

"धरण्यावर!"

पुढचं सगळं इतकं सुसंगत होतं की कोणीही फसलं असतं. निदान आमच्यासारखं कोणीही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला परदेशी कंपनीची डबाबंद बिस्किटं दिली, तिने वास घेऊन तोंड फिरवलं. "बहुराष्ट्रीय मालावर बहिष्कार," बाबा गहिवरले. मग तिने आईची तूप लावलेली पोळीही सोडली. आता पोळी काही बहुराष्ट्रीय नव्हती. पण मी एक रात्र विचार केला आणि सकाळी माझ्याकडे उत्तर होतं: आंदोलनाचा पुढचा टप्पा. बेमुदत उपोषण.

पाणी मात्र ती प्यायची. डिसेंबर महिना, गुडगावच्या मोकळ्या मैदानावरून येणारा वारा हाडं कापत होता, आम्ही स्वेटरवर स्वेटर घालून चहाला चिकटून बसलेलो, आणि ही भांडं रिकामं करून भांड्याशेजारीच उभी राहायची. भरलं की पुन्हा रिकामं. मग साहजिकच पुन्हा पुन्हा खाली न्यावं लागे. एकदा लॉबीतच झालं, नेमकं त्या बोर्डाखाली. याहून स्पष्ट निवेदन कुणी दिलं असतं?

रविवारच्या मीटिंगमध्ये आईने विषय काढला.

"बाई खात नाहीये. सारखी मागचं चाटत बसते. आणि एवढ्या थंडीत इतकं पाणी कशाला पितेय?"

"आई, उपोषणात पाणी चालतं."

"अगं, ती कुत्री आहे."

"निमंत्रित सदस्य आहे," बाबांनी दुरुस्ती केली.

"मी प्रस्ताव मांडते," आई म्हणाली, "की तिला डॉक्टरकडे न्यावं."

"आंदोलकाला बळजबरीने दवाखान्यात हलवणं ही सरकारी चाल असते," मी म्हणाले. मतदान झालं. आईचा प्रस्ताव दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला. कॉम्रेडच्या समर्थनार्थ पुढच्या रविवारी सोसायटीच्या ऑफिससमोर धरणं धरावं, असं ठरलं. आई उठली, कॉम्रेडच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारपर्यंत थांबेल ना ही?" मला वाटलं, ती चिकाटीबद्दल विचारतेय.

धरण्याचा दिवस छान उन्हाचा होता. लॉनवर सतरंजी, मागे चादरीवर घोषणा, मध्ये कॉम्रेड. तिच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी: 'मैं भूख हड़ताल पर हूँ.' बाबांनी चिवड्याचा मोठा डबा आणला होता. दर जानेवारीत ते आम्हाला पानिपतला काला अंबच्या स्मारकापाशी नेत आणि तिथे उभं राहून दरवेळी तेच सांगत: लढाई शौर्याने नाही, रसदेने जिंकली जाते. तेव्हापासून आमच्या घरातून कोणीही, कुठेही, चिवड्याशिवाय लढायला बाहेर पडत नाही.

लोक जमले. बहुतेक पोरं, बिस्किटं घेऊन. कॉम्रेड कशालाच तोंड लावेना. तिच्यापुढे बाबांनी शेव धरली. शेवेसाठी तिने एके काळी संघटनेच्या अध्यक्षांचा खिसा फाडला होता. तिने डोळे मिटून घेतले.

"काय संयम आहे," बाबा म्हणाले. आवाज मात्र जरा बारीक झाला होता.

तेवढ्यात कर्नलसाहेब चहाचा कप घेऊन ऑफिसातून बाहेर आले. मी घोषणा सुरू केली. त्यांनी ती पूर्ण होऊ दिली, मग कॉम्रेडसमोरच्या भांड्याकडे बघत म्हणाले, "ये पानी कितनी बार भरा सुबह से?"

"उपोषण में पानी चलता है, अंकल."

"वो मुझे पता है. मैंने पूछा, कितनी बार?"

सारखंच भरत होतो. त्यांनी कप गवतावर ठेवला आणि सतरंजीवर, आमच्या सतरंजीवर, गुडघे टेकले. कॉम्रेडचा ओठ वर केला. हिरडी फिकट, जुन्या कागदासारखी. बोटाने दाबली, दाबल्या जागेला रंग परत यायला वेळ लागत होता. मग पोटाखालून हात घातला. तिने कण्हून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पोट फुगलेलं आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. इतके दिवस न खाणाऱ्या प्राण्याचं पोट फुगलेलं कसं?

"ऑपरेशन कराया है इसका? बच्चे न होने का?"

"नाही," आई मागून मराठीतच म्हणाली. "आणि दिवाळीच्या जरा आधी माजावर आली होती." मग तेच हिंदीत सांगितलं.

कर्नलसाहेब उभे राहिले. "मेरी लैब्राडोर थी. यही उमर, यही मौसम. मैंने भी सोचा, सर्दी है, बुढ़ापा है, इसलिए पड़ी रहती है. चार दिन सोचता रहा मैं." खिशातून किल्ली काढली. "भाईसाहब, गाड़ी में डालिए इसे."

बाबा म्हणाले, "आम्ही... हम स्कूटर पे ले जाएँगे."

"स्कूटर पे? इसको?"

मोटारींबद्दल बाबांची ठाम मतं होती. मीही मोटारींवर एक पत्रक लिहिलं होतं, आणि त्यात ज्या मोटारीचं उदाहरण दिलं होतं ती हीच होती: नवी कोरी, चंदेरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून न काढलेली.

"भाईसाहब," कर्नलसाहेब म्हणाले, "विरोध पिछली सीट पर बैठ के कर लीजिएगा. चलो!"

त्यांच्या 'चलो'नंतर कोणी मतदान मागितलं नाही. सतरंजीचीच झोळी करून आम्ही तिला उचललं. आई घरच्या चपलांवर, बाबांच्या हातात चिवड्याचा डबा, माझ्या मांडीवर कॉम्रेडचं डोकं. हायवेवर ट्रकच ट्रक, अर्धा रस्ता खणलेला. दिल्लीच्या सीमेजवळ कॉम्रेडला उलटी झाली, सगळं पिवळं पाणी. मी माझ्या शालीने पुसायला लागले.

"रहने दो," कर्नलसाहेब आरशात बघून म्हणाले, "प्लास्टिक इसीलिए नहीं उतारा था." ही थाप होती, हे मलाही कळलं.

दवाखाना दक्षिण दिल्लीत होता. डॉक्टरबाईंनी कॉम्रेडला टेबलावर घेतलं आणि गळ्यातली पाटी वाचली. ती काढायची आम्हाला सुचलंच नव्हतं.

"भूख हड़ताल? किसके ख़िलाफ़?"

"लिफ़्ट के," बाबा म्हणाले. एवढी मोठमोठी शिष्टमंडळं घेऊन गेलेला माणूस, पण हा शब्द उच्चारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. त्यांनी पोट तपासलं, रक्त घेतलं, आईला दोन-चार प्रश्न विचारले आणि सांगितलं की गर्भाशयात पू भरलाय. ऑपरेशन न केलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांना होतं असं, माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी. खूप पाणी, खूप लघवी, अन्नावर वासना नाही, अंगात जोर नाही, सगळं त्याचंच. आतलं तोंड बंद राहिलं तर बाहेर काही दिसतही नाही. आजच काढायला हवं. वय पाहता टेबलावरच काही होऊ शकतं. न काढलं तर मात्र नक्कीच होईल.

बाबांनी सवयीने आमच्याकडे वळून विचारलं, "मग... मत काय?"

"मत नाही," आई म्हणाली. "मीटिंग नाही. करा ऑपरेशन." आणि बाबांच्या हातातला डबा काढून घेऊन बाकावर बसली.

बाहेर आम्ही चौघं एका बाकावर. माझ्या हातात ती पाटी होती, तिचं काय करावं ते कळत नव्हतं. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत निष्ठावान कार्यकर्तीने सगळं सांगितलं होतं, दिवसातून कितीतरी वेळा, आणि आम्ही तिच्या प्रत्येक वाक्यापुढे आमचंच उद्गारचिन्ह लावत बसलो होतो. शेवटी आईने डबा उघडला आणि कर्नलसाहेबांपुढे केला.

"ये क्या है?"

"रसद," बाबा म्हणाले.

त्यांनी मूठभर घेतला. मग दोघांनी सरकारी कारखाने विकावेत की नाहीत यावर असं भांडण सुरू केलं की आतून कंपाउंडर येऊन गप्प बसायला सांगून गेला. मला त्या भांडणाचा इतका आधार वाटला! काहीतरी तरी नेहमीसारखं चाललं होतं.

संध्याकाळी डॉक्टरबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या. "ज़िंदा है. बड़ी ज़िद्दी है."

बाबा उठून उभे राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "ज़िंदाबाद!" आतून, गुंगीतून, काहीतरी आवाज आला. भुंकणं नव्हतं ते, नुसतं कण्हणं असेल. पण बाबा अजूनही शपथेवर सांगतात.

काही दिवसांनी तिला घरी आणलं. पोटावर टाके, जिना चढायची सक्त मनाई. लॉबीत कर्नलसाहेब लिफ्टचं दार धरून उभे. "मेडिकल केस है. इसको अलाउड है."

माझं डोकं सणकलं. "अंकल, सिर्फ़ इसको? और दीदी? उनके घुटने? ये पूरा बोर्ड जब तक नहीं हटता, हम सीढ़ी से ही..."

"अच्छा," आई म्हणाली, "तू तत्त्व घेऊन जिन्याने ये. बाईला घेऊन मी लिफ्टने जाते." आणि गेलीसुद्धा. मी आणि तत्त्व चौथ्या मजल्यावर धापा टाकत पोचलो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टशेजारी बोर्डच नव्हता. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं. दीदी लिफ्टने वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "बोर्ड कहाँ गया?" मी कर्नलसाहेबांना गाठलं.

"पॉलिश के लिए गया है," ते मिशीला हात लावत म्हणाले.

तो अजून पॉलिश होतोय.

त्यानंतर आमच्या घरात पत्रकांपेक्षा कॉम्रेडच्या हिरड्या जास्त वाचल्या जाऊ लागल्या. सकाळी ओठ वर करून बघायचं, गुलाबी आहेत ना. दाबून बघायचं, रंग लगेच परत येतो ना. पाणी किती, बसताना कण्हते का, हाक एका कानाने ऐकते की दोन्हींनी नाही. बाबांनाही मान्य करावं लागलं की ऐकू न येणं म्हणजे मतभेद नव्हे. पथ्याला आईने मऊ भात आणि उकडलेला दुधी सुरू केला होता. दोन दिवस तिने कसाबसा खाल्ला. तिसऱ्या दिवशी वास घेतला, तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत बसली.

घरात धावपळ उडाली. बाबांनी स्कूटरची किल्ली शोधली, मग स्वतःच ती टाकून कर्नलसाहेबांची बेल वाजवली. पुन्हा ती चंदेरी मोटार (प्लास्टिक आता काढलेलं होतं), पुन्हा तो हायवे, पुन्हा ते टेबल. आम्ही तिघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली: खात नाही, तोंड फिरवते, भिंतीकडे बघते, काहीतरी भयंकर झालंय.

डॉक्टरबाईंनी पोट तपासलं, टाके पाहिले, ताप घेतला, हिरड्या पाहिल्या. मग विचारलं, "खाने में क्या दे रहे हैं?"

"लौकी," आई म्हणाली.

"बिल्कुल ठीक है ये. बस, इसे लौकी पसंद नहीं."

परतताना मोटारीत बाबांना अभिमान आवरत नव्हता, ते मला दिसत होतं. मलाही आवरत नव्हता. पण एकदा पोळलेल्या जिभा आम्ही दातांखाली धरून बसलो. शेवटी आईच म्हणाली, "अध्यक्ष या नात्याने सांगते. दुधी बंद."

"दोघींचा?" मी विचारलं.

"फक्त बाईचा. तिला ऑपरेशन झालंय."

रात्री आईने पोळी केली, तूप लावलं, बारीक कुस्करली. कॉम्रेड उठली, चालत आली, सगळी खाल्ली आणि थाळी पुढे ढकलत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेली. मग पाणी प्यायली. आम्ही तिघं श्वास रोखून भांड्याकडे बघत होतो. थोडंसं लपलप करून ती थांबली, मिशा चाटल्या आणि आपल्या पोत्यावर जाऊन पडली.

भांड्यात अर्ध्याहून जास्त पाणी उरलं होतं.